सोऽहम्‌चा श्वास : पावसचे स्वामी स्वरूपानंद

कोकणच्या मातीने महाराष्ट्राला विद्वान दिले, देशभक्त दिले, तसेच संतही दिले. रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर पावस नावाचे गाव आहे. माडा-पोफळींच्या बागा, आंब्याची कलमे, गौतमी नदीचा काठ आणि श्रीविश्वेश्वर व श्रीसोमेश्वर यांची जुनी देवळे असे हे गाव. आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून भाविक पावसची वाट विचारीत येतात, ते याच गावी जन्मलेल्या आणि याच गावी देह ठेवलेल्या एका सत्पुरुषाच्या समाधीच्या दर्शनासाठी. ते सत्पुरुष म्हणजे स्वामी स्वरूपानंद.

देऊळ जुने झाले, वासे किडले, भिंतींना ओल आली, म्हणजे गावकरी एकत्र येतात, वर्गणी काढतात आणि देवळाचा जीर्णोद्धार करतात. देव तोच राहतो, त्याचे घर नवे होते. माणसाच्या देहाला संतांनी देवाचे घर म्हटले आहे. परंतु हे घर जीर्ण झाले तर त्याचे वासे बदलता येत नाहीत, की भिंती पाडून नव्या बांधता येत नाहीत. मोठे आजारपण येऊन गेल्यावर जे काही शिल्लक उरते, त्याच घरात देवाची पूजा चालू ठेवावी लागते. ती कशी चालू ठेवावी, याचा वस्तुपाठ स्वामींनी एक-दोन वर्षे नव्हे, तर चाळीस वर्षे आपल्या जगण्यातून घालून दिला. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्या चरित्राचे स्मरण करणे उचित होईल.

बालपण आणि शिक्षण

स्वामींचा जन्म मार्गशीर्ष वद्य द्वादशी, शके १८२५, म्हणजे १५ डिसेंबर १९०३ रोजी पावस येथे गोडबोले घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव विष्णुपंत व आईचे नाव रखमाबाई. मुलाचे नाव रामचंद्र ठेवण्यात आले. पुढे सारा गाव त्यांना रामभाऊ म्हणून ओळखू लागला.

रामभाऊंचे सुरुवातीचे शिक्षण पावसला झाले. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते रत्नागिरीस गेले व तेथून मुंबईस आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत दाखल झाले. त्या काळी कोकणातल्या हुशार मुलाचा मार्ग ठरलेला असे. बोटीने मुंबई गाठावी, मॅट्रिक व्हावे, कचेरीत चिकटावे आणि दरमहा घरी मनिऑर्डर पाठवावी. घरच्या मंडळींची अपेक्षाही साहजिकच याहून वेगळी नसे.

परंतु तो काळच निराळा होता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि त्याच दिवशी महात्मा गांधींच्या असहकाराच्या चळवळीस आरंभ झाला. सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार घालावा, अशी हाक देण्यात आली. लोकमान्यांच्या जिल्ह्यातल्या या मुलाने ती हाक ऐकली. रामभाऊंनी चालू शिक्षणावर पाणी सोडले आणि ते गावी परतले.

देशसेवेची वाट

गावी येऊन रामभाऊ स्वस्थ बसले नाहीत. आपल्या पायांवर उभे राहण्याचे शिक्षण गावातल्या मुलांना मिळावे, म्हणून त्यांनी पावसला स्वावलंबनाश्रम नावाची राष्ट्रीय शाळा सुरू केली. सूत कातावे, स्वदेशी वापरावे, हाताने काम करण्याची लाज बाळगू नये, असा त्या काळच्या राष्ट्रीय शिक्षणाचा मंत्र होता. विशीच्या आतबाहेरचा हा तरुण त्या कामात तनमनाने रमला होता. पुढे जे घडले ते समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. स्वामी काही लहानपणापासून एका खोलीत डोळे मिटून बसलेले नव्हते. चार माणसांत मिसळावे, गावासाठी राबावे, देशासाठी झिजावे, अशी त्यांची मूळ वृत्ती होती.

पुढील अभ्यासासाठी ते पुण्यास गेले. लोकमान्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले होते. सरकारी शिक्षण सोडलेल्या तरुणांना तेथे राष्ट्रीय शिक्षण मिळत असे. या विद्यापीठाची वाङ्मयविशारद ही पदवी रामभाऊंनी मिळविली. संतवाङ्मयाचा, त्यातही ज्ञानेश्वरीचा त्यांना लहान वयातच लळा लागला होता. पुण्यातील वास्तव्यात हा लळा अधिक दृढ झाला.

सद्गुरूंची भेट

पुण्यातच रामभाऊंच्या आयुष्याला कलाटणी देणारी घटना घडली. तेथे बाबामहाराज वैद्य या नावाने ओळखले जाणारे सत्पुरुष राहत असत. गणेशनाथ हे त्यांचे सांप्रदायिक नाव. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव अशी जी नाथपंथाची परंपरा, तिच्याच पुढील ओघात बाबामहाराज होते. रामभाऊंच्या मामांच्या ओळखीने ही भेट घडली आणि १९२३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, रामभाऊंना सद्गुरूंचा अनुग्रह लाभला. त्यांना मिळालेली साधना म्हणजे सोऽहम् साधना.

ही साधना म्हणजे काय, ते सर्वसामान्य वाचकांसाठी थोडक्यात सांगणे जरूर आहे. योग म्हटला म्हणजे अनेकांच्या डोळ्यांपुढे अवघड आसने, नाक दाबून कोंडलेला श्वास आणि कडक उपासतापास उभे राहतात. नाथपंथात हठयोगाचा तोही मार्ग आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात या योगाचे सविस्तर वर्णन केलेले आहे. पण त्याच परंपरेत एक सौम्य वाटही आहे. श्वास ओढून घ्यायचा नाही, कोंडून धरायचा नाही आणि जोराने सोडायचाही नाही. तो आपोआप जसा चालला आहे, तसा चालू द्यायचा. आत जाणाऱ्या श्वासाबरोबर ‘सो’ आणि बाहेर येणाऱ्या श्वासाबरोबर ‘हम्’ अशी अक्षरे मनाने जोडायची. ‘सोऽहम्’ म्हणजे तो परमात्मा मीच आहे. जीभ हलत नाही, ओठ हलत नाहीत, हातात माळ नसते. जप करावा लागत नाही, तो होतच असतो. म्हणून त्यास अजपाजप म्हणतात.

आपले पूर्वज सांगत आले आहेत, की माणूस एका अहोरात्रात २१,६०० श्वास घेतो. हिशेब करून पाहिला तर एका मिनिटास १५, एका तासास ९०० आणि चोवीस तासांस बरोबर २१,६०० होतात. आजचे डॉक्टरदेखील विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे श्वास मिनिटास साधारण १२ ते २० मोजतात. म्हणजे जपाचे एवढे भांडवल देवाने प्रत्येकाला रोजच्या रोज दिलेले आहे. त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नाही. निरोगी आणि आजारी हाही भेद नाही, आणि या चरित्रात पुढे याच गोष्टीला महत्त्व आले.

येरवड्याचा तुरुंग

अनुग्रह झाल्यावर रामभाऊंनी देशकार्य सोडले नाही. साधना आणि समाजकार्य दोन्ही हातात हात घालून चालली होती. पुढे १९३० पासून देशभर सविनय कायदेभंगाचे वारे वाहू लागले. रामभाऊंनी त्या लढ्यात उडी घेतली. त्यांना कारावासाची शिक्षा झाली आणि येरवड्याच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

तुरुंगात माणसाची पारख होते. कोणी खचतो, कोणी चिडतो, तर कोणी त्या सक्तीच्या एकांतातून काही मिळवितो. रामभाऊंसाठी तुरुंग ही जणू तपोभूमीच ठरली. थोर देशभक्तांचा आणि विचारवंतांचा सहवास तेथे त्यांना घडला. तेथेच त्यांनी सद्गुरूंच्या स्तवनपर ‘नवरत्नहार’ हे काव्य रचले. चार भिंतींच्या आत राहूनही मन मोकळे ठेवता येते, हा धडा ते येथे शिकले. लवकरच तो धडा त्यांना फार मोठ्या कसोटीला लावावा लागणार होता.

१९३४ चे आजारपण

तुरुंगातून सुटून रामभाऊ पावसला आले. वय तिशीचे, अंगात उमेद, डोळ्यांपुढे कामाचा डोंगर. अशा वेळी, १९३४ साली, त्यांना तापाने गाठले. आजार साधासुधा नव्हता. दिवस गेले, आठवडे गेले, महिने गेले, पण दुखणे हटेना. शरीर दिवसेंदिवस क्षीण होत चालले.

त्या काळच्या कोकणाची कल्पना आजच्या तरुण पिढीस येणे अवघड आहे. पावसाळ्यात नद्यांना पूर येत, वाटा बंद होत आणि समुद्र खवळल्याने बोटीही बंद असत. हिवतापावर कोयनेल होते, परंतु विषमज्वरासारख्या तापावर गुणकारी औषध जगातच उपलब्ध नव्हते. पेनिसिलीनचा शोध १९२८ मध्ये लागला असला, तरी ते रोग्याच्या हाती पडायला १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. लांबलेला ताप म्हणजे घरच्यांच्या पोटात भीतीचा गोळा. पेज, काढा, कपाळावर ओल्या पाण्याची पट्टी आणि देवाला गाऱ्हाणे, एवढेच बहुतेक घरांच्या हाती असे. गावागावांतून तरुण माणसे अशा तापात दगावत.

रामभाऊही त्या उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचले. आता हा देह राहत नाही, असा क्षण त्यांच्यापुढे येऊन ठेपला. मरणाचे भय सर्वांनाच असते. ज्ञानेश्वरी पाठ असली म्हणून ते चुकत नाही. पण या क्षणी त्यांच्यापाशी ११ वर्षांची साधना होती. हात उचलण्याची शक्ती नसली, तरी श्वास चालू होता आणि श्वासाला सोऽहम् जोडलेले होते. देह निराळा आणि त्या देहाचे दुखणे पाहणारा मी निराळा, हे आजवर ग्रंथांत वाचलेले सत्य त्या अंथरुणावर त्यांनी अनुभवले. मृत्यूचे भय मावळले आणि आत्मस्वरूपाची ओळख पटली. स्वामींच्या चरित्रात या आजारपणाला स्वरूपसाक्षात्काराचा काळ मानतात, ते यामुळेच. या अनुभवाचे पडसाद ‘अमृतधारा’ या त्यांच्या साक्यांमधून उमटले आहेत.

ताप उतरला. मरण दारापर्यंत येऊन परत गेले. घरच्यांना आणि गावकऱ्यांना हायसे वाटले.

उरलेल्या देहाचे काय करावे?

कित्येक चमत्कारकथांत येथून पुढे असे सांगतात, की आजार गेला आणि शरीर वज्रासारखे झाले. स्वामींच्या चरित्रात असे काही घडले नाही. गेलेली शक्ती पूर्वीसारखी परत आली नाही. शरीर कृश झाले ते कृशच राहिले. गावोगाव हिंडणे, सभा, शाळा, सत्याग्रह, हे सारे ज्या अंगबळावर चालले होते ते बळच गेले. वय अवघे तीस वर्षांचे. अशा वयात देशकार्याची आस असलेल्या तरुणाला एका खोलीत बसण्याची पाळी यावी, हे केवढे दुःख! ज्याने आपल्या घरात मोठे आजारपण पाहिले आहे, त्यास हे सांगावयास नको. दुखण्यापेक्षा दुखण्यानंतरचा काळ कठीण असतो. ताप असतो तेव्हा माणसे उशाशी बसतात. ताप गेल्यावर सर्वजण आपापल्या कामाला लागतात आणि रोगी एकटाच छताकडे पाहत पडून राहतो. आता आपला कोणाला काय उपयोग, हा विचार त्याला आतून पोखरतो.

येथेच स्वामींचे वेगळेपण दिसून येते. शक्ती परत येईल आणि मग काम सुरू करीन, अशी वाट पाहत ते बसले नाहीत. शक्ती गेली म्हणून नशिबाला दोष देत बसले नाहीत. जे गेले ते गेले, उरले काय ते त्यांनी पाहिले. उरला होता श्वास, उरली होती वाणी, उरली होती लेखणी धरण्यापुरती बोटांतली ताकद. एवढ्या शिदोरीवर त्यांनी पुढील चाळीस वर्षांचा प्रवास केला.

पावस गावातच देसाई कुटुंबाचे ‘अनंत निवास’ नावाचे घर आहे. आजारपणानंतर रामभाऊ या घरात राहू लागले, ते अखेरपर्यंत तेथेच राहिले. रामभाऊ गोडबोल्यांचे स्वामी स्वरूपानंद झाले ते याच घरात. येथे देसाई कुटुंबाचे ऋण मानल्यावाचून पुढे जाता येणार नाही. एका आजारी माणसाला चार दिवस घरी ठेवून घेणे सोपे आहे. त्याचे पथ्यपाणी, औषध आणि पुढे त्याच्या दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ, हे सारे आपल्या संसारात सामावून घेऊन चाळीस वर्षे सांभाळणे ही सेवा असामान्यच म्हटली पाहिजे. स्वामींच्या साधनेची थोरवी गाताना त्या घरातील चुलीचीही आठवण ठेवली पाहिजे. रोग्याची साधना त्याच्या उशाशी वावरणाऱ्या माणसांच्या कष्टांवर उभी असते.

एका खोलीतले मोठे काम

बाहेरून पाहणाऱ्यास अनंत निवासातील त्या खोलीत काहीच घडत नाही असे वाटावे. एक कृश पुरुष शांत बसलेला आहे, बोलणे मोजके, आवाज हळू. पण त्याच खोलीतून मराठी संतवाङ्मयात मोलाची भर पडत होती.

श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली. १८ अध्याय आणि सुमारे ९,००० ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेचा मुकुटमणी होय. परंतु सातशे वर्षांपूर्वीची ती भाषा आजच्या साध्या माणसास चटकन उमगत नाही. देवळात पारायण होते, कानांवर शब्द पडतात, पण अर्थ निसटतो. स्वामींनी ही अडचण ओळखली आणि ज्ञानेश्वरीतील अर्थ सोप्या मराठीत, अभंगाच्या रूपात उतरविला. ‘अभंग ज्ञानेश्वरी’ ती हीच. एवढ्या मोठ्या ग्रंथाची ओवीन्‌ओवी समजून घेऊन ती अभंगात बसविणे हे धडधाकट माणसाचीही दमछाक करणारे काम आहे. नाजूक प्रकृतीच्या स्वामींनी ते पार पाडले.

याखेरीज ‘भावार्थ गीता’, ‘अभंग अमृतानुभव’ आणि ६५ ओव्यांच्या चांगदेव पासष्टीवरील ‘अभंग चांगदेव पासष्टी’ ही त्यांची रचना. ‘संजीवनी गाथा’ हा त्यांच्या स्वतंत्र अभंगांचा संग्रह. संजीवनी म्हणजे मरणाऱ्यास जिवंत करणारी वनस्पती. मरणाच्या दारातून परतलेल्या पुरुषाच्या गाथेला हे नाव किती समर्पक आहे! स्नेह्यांना व साधकांना त्यांनी लिहिलेली पद्यमय पत्रे ‘स्वरूप पत्रमंजूषा’ या नावाने संग्रहित झाली आहेत. ज्यांना रोज मोठे वाचन जमत नाही अशा प्रापंचिकांसाठी त्यांनी ज्ञानेश्वरीतील निवडक ओव्यांचा ‘ज्ञानेश्वरी नित्यपाठ’ तयार केला. आज कित्येक घरांत देवापुढे दिवा लावल्यावर हा नित्यपाठ म्हटला जातो.

हे काम कसे झाले असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. दिवसाकाठी मोजकीच शक्ती ज्याच्यापाशी आहे, त्याला ती उधळता येत नाही. राग, चिंता, वादविवाद, हळहळ यांत माणसाची पुष्कळ शक्ती वाया जाते. शांतपणे चालणाऱ्या श्वासाशी ज्याचे मन बांधलेले आहे, त्याची ही गळती थांबते. घागर लहान असली तरी ती गळकी नसेल, तर घरच्या गरजेपुरते पाणी मिळते. स्वामींच्या लेखनाचे रहस्य कदाचित येथेच असेल.

साधकांचा ओघ

फुलाचा वास दरवळल्यावाचून राहत नाही. स्वामी कोठे गेले नाहीत, पण माणसे पावसकडे येऊ लागली. आरंभी जवळची मंडळी येत, पुढे रत्नागिरी, मुंबई, पुणे येथून येऊ लागली. नोकरदार, शेतकरी, शिक्षक, डॉक्टर, गृहिणी अशा सर्व थरांतील माणसांना त्यांनी सोऽहम् साधनेचा अनुग्रह दिला. ज्या तरुणाने एके काळी गावातल्या मुलांसाठी शाळा काढली होती, त्याच्याभोवती आता आपोआप एक निराळी शाळा भरली. पहिल्या शाळेसाठी त्याला धावपळ करावी लागली होती, या शाळेसाठी त्याने आसन सोडले नाही. आजारपणाने काम हिरावून नेले असे ज्या वेळी वाटले, त्या वेळी खरे तर कामाचे रूप पालटत होते.

सर्वसामान्यांनी काय घ्यावे?

स्वामींचे चरित्र वाचून कोणी म्हणेल, की ते सत्पुरुष होते, आपण संसारी माणसे, आपल्याला हे कसे जमावे? याचे उत्तर असे, की या चरित्रातील सुरुवातीची पायरी कोणासही चढता येण्याजोगी आहे. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसास दंड-बैठका, सूर्यनमस्कार झेपत नाहीत. पण पहाटे किंवा तिन्हीसांजेला पाठ ताठ ठेवून, अंग सैल सोडून, सतरंजीवर अथवा खुर्चीवर दहा मिनिटे बसता येते. बसवत नसेल तर अंथरुणावर पडून राहावे. डोळे हलके मिटावेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यावे. त्याला सोऽहम् जोडावे, किंवा ज्याचे जे आराध्य असेल त्याचे नाम जोडावे. मन पळाले तर त्याच्यावर रागावू नये, त्याला परत आणावे. अंगात बळ येईल तसे हातापायांचे सांधे हळुवार हलवावेत, अंगणात चार फेऱ्या माराव्यात. संथ श्वासाने हृदयाची धडधड कमी होते, मनाला शांती वाटते, झोपेस मदत होते, हे आता वैद्यकशास्त्रही मान्य करते.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवणे आवश्यक आहे. पहिली ही, की जप हा औषधाच्या जागी नाही. जंतूंनी आलेल्या तापावर औषध घेतलेच पाहिजे, आणि आज ती औषधे गावच्या आरोग्य केंद्रातही मिळतात. १९३४ मधील रोग्यापाशी ती नव्हती. आज ती असताना न घेणे ही भक्ती नव्हे, तो अविचार होय. दुसरी ही, की श्वास कोंडून धरण्याचे प्राणायाम पुस्तकात वाचून दुबळ्या माणसाने करू नयेत. हृदयाचे अगर छातीचे दुखणे असेल त्याने तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणताही नवा व्यायाम आरंभू नये. स्वामींचा मार्ग श्वासाशी झटापट करण्याचा नव्हता, त्याच्याशी मैत्री करण्याचा होता. औषध शरीराला उभे करते, पण उठून कशासाठी जगायचे हे सांगत नाही. ते सांगण्याचे काम साधनेचे.

समाधी

१५ ऑगस्ट १९७४, श्रावण वद्य द्वादशी, शके १८९६. सारा देश स्वातंत्र्यदिन साजरा करीत असताना, त्या स्वातंत्र्यासाठी तारुण्यात तुरुंगवास सोसलेल्या स्वामींनी पावस येथे देह ठेवला. जन्म वद्य द्वादशीचा, देहत्यागही वद्य द्वादशीचाच. त्या वेळी त्यांचे वय ७० वर्षांचे होते. जो देह १९३४ सालीच पडेल असे वाटले होते, त्याच देहाने त्यानंतर चाळीस वर्षे सोऽहम्‌चा दिवा तेवत ठेवला.

पावसला आज त्यांचे समाधिमंदिर उभे आहे. जवळच अनंत निवासात त्यांच्या वास्तव्याची खोली भाविक आदराने पाहतात. समाधीच्या दर्शनास आलेल्यास खिचडीचा प्रसाद मिळतो. खिचडी हे आपल्याकडे दुखण्यातून उठलेल्याचे अन्न. साधे, मऊ, पचायला हलके. स्वामींची साधनाही अशीच होती. जिला मोठे बळ लागत नाही, जी दुबळ्यासही झेपते आणि जी हळूहळू अंगी लागते, अशी.

गावोगावी मंदिरांचे जीर्णोद्धार होत आहेत. कोणी श्रमदान केले, कोणी पैका दिला, कोणी लाकूड, चिरा, वाळू दिली. परंतु प्रत्येक गावात एखाद्या घरी असाही कोणी असेल, ज्याला दुखण्यामुळे अंथरूण सोडता येत नाही, ज्याच्या हातून ना श्रमदान झाले, ना वर्गणी. देवाच्या कामात आपला काही वाटा नाही, म्हणून तो मनात झुरत असेल. त्याला पावसच्या या सत्पुरुषाची कथा कोणीतरी जवळ बसून वाचून दाखवावी. त्याचा श्वास चालू आहे, तोवर देवाच्या पूजेतला त्याचा वाटा कोणीही काढून घेतलेला नाही.

अशा या थोर सत्पुरुषाच्या चरणी शतशः प्रणाम.